घरचा सोनमासा

सोनमासा अथवा गोल्डफिश मूळचा चीनचा. तेथील लोकांनी सुमारे हजार वर्षांपूर्वी करड्या कार्प माशांतून तांबूस-सोनेरी मासे निवडून वाढविले; त्यांतूनच आजचे नाना प्रकार निपजले. एकेरी शेपटीचा चपळ कॉमेट, डोक्यावर मांसल मुकुट मिरविणारा ओरांडा, पाठीवर पर नसलेला लायनहेड, बटबटीत डोळ्यांचा ब्लॅक मूर. कॉमेट व मूर एकत्र ठेवू नयेत. चपळ मासा सारे खाद्य पळवितो.

हा मासा थंड पाण्यात रमतो. सुमारे ७७० मीटर उंचीवरील म्हैसूरची सौम्य हवा त्याला मानवते. नागपूरच्या उन्हाळ्यात त्याला अधिक जपावे लागते. परंतु हवा कितीही चांगली असली तरी लहानशा गोल काचपात्रात तो फार दिवस जगत नाही. मुलांना वाटते, तो उपाशी मेला. वस्तुतः त्याच्याच शरीरातून पाण्यात मिसळणारा अमोनिया त्याचा घात करतो.

म्हणून दोन लहान माशांसाठी निदान ८० लिटरची टाकी व पाणी गाळणारे यंत्र घ्यावे. नळाचे पाणी एक दिवस उघडे ठेवून क्लोरीन उडू द्यावा आणि दर आठवड्यास पाव हिस्सा पाणी बदलावे. खाद्य दोन मिनिटांत संपेल इतकेच घालावे. असा सांभाळलेला मासा १० वर्षांहूनही अधिक जगतो.

तो नकोसा झाला तर कुक्करहळ्ळी किंवा कारंजी तलावात मात्र सोडू नये. तळ उकरून तो पाणी गढूळ करतो आणि तेथील माशांचे अन्न हिरावतो. त्यापेक्षा तो एखाद्या हौशी शेजाऱ्यास द्यावा.