गोळी आणि अँटिबायॉटिक



यजमानांच्या नोकरीनिमित्त सिंगापूरला स्थायिक झालेल्या आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीचे पत्र गेल्या महिन्यात आले. घसा सुजून ताप भरला म्हणून डॉक्टरांनी तिला ॲमॉक्सिसिलिन दिले. तेवढ्यात शेजारीण म्हणाली, "अँटिबायॉटिक घेतलेस की संततिनियमनाची गोळी फुकट गेलीच समज!" धाकटे मूल जेमतेम दीड वर्षांचे. मुलगी घाबरली आणि तिने तिसऱ्याच दिवशी औषध सोडले. ताप पुन्हा उलटला. "बाई, खरे काय ते तुम्हीच सांगा," असे तिने लिहिले आहे.

आम्ही डॉक्टर नव्हे, शिक्षक आहोत. परंतु अध्यापनाच्या प्रशिक्षणात आम्हाला एक गोष्ट शिकविली गेली होती: विद्यार्थ्याचे चुकीचे उत्तर खोडण्यापूर्वी ते आले कोठून, हे शोधावे. शेजारणीच्या उत्तराचा उगमही असाच शोधण्याजोगा आहे.

तो उगम क्षयावरील एका औषधात सापडतो. त्याचे नाव रिफाम्पिसिन. ते घेणाऱ्याची लघवी नारिंगी होते, ही त्याची सहज ओळख. १९७१ साली जर्मनीतील डॉक्टरांनी नोंदविले की, हे औषध आणि गर्भनिरोधक गोळी एकत्र घेणाऱ्या स्त्रियांना मधूनच रक्तस्राव होतो. पुढे कारणही उमगले. रिफाम्पिसिनमुळे यकृत अधिक वेगाने काम करू लागते आणि गोळीतील संप्रेरकांचा नेहमीपेक्षा लवकर निचरा करते. गोळी रोज नेमाने घेऊनही तिचे बळ अपुरे पडते आणि दिवस जाऊ शकतात.

आमच्या विद्यार्थिनीच्या सिंगापूरचाच इतिहास येथे उद्बोधक आहे. १९६६ साली तेथील एकट्या कांडांग केरबाऊ रुग्णालयात जवळजवळ चाळीस हजार बाळे जन्मली. त्याच वर्षी सरकारने कुटुंबनियोजन मंडळ स्थापन केले, आणि १९७२ साली 'दोनवर थांबा' ही मोहीम आरंभिली. त्याच दशकात तेथील क्षयरोग विभागाने ब्रिटिश वैद्यक संशोधन परिषदेच्या सहकार्याने रिफाम्पिसिनयुक्त अल्पमुदतीच्या उपचारांच्या चाचण्या केल्या. दीड-दोन वर्षांचा उपचार सहा महिन्यांवर आला, त्यात या चाचण्यांचा मोठा वाटा आहे. म्हणजे एकाच शहरात, एकाच काळी, एका दवाखान्यातून गोळी मिळत होती आणि दुसऱ्यातून रिफाम्पिसिन. दोन्ही वरदानेच, परंतु एकाच घरात आली की एकमेकींना छेद देणारी.

मग सर्वच अँटिबायॉटिकांवर ठपका का आला? पेनिसिलिन किंवा टेट्रासायक्लिन घेत असता दिवस गेल्याची काही उदाहरणे त्या काळी पुढे आली. आतड्यांतील जंतू मेल्याने गोळीचा अंश शरीरात परत शोषला जात नसावा, असा तर्क लढविला गेला. प्रत्यक्षात रक्तातील संप्रेरके मोजली, तेव्हा या तर्काला आधार मिळाला नाही. २०११ साली ब्रिटनमधील तज्ज्ञांनीही अशा औषधांबरोबर जादा खबरदारी घेण्याची जुनी सूचना मागे घेतली. तेव्हा ॲमॉक्सिसिलिन, डॉक्सिसायक्लिन यांसारख्या नेहमीच्या औषधांनी गोळी निकामी होत नाही. मात्र औषधाने वा आजाराने जोराच्या उलट्या-जुलाब झाले, तर गोळी अंगी लागत नाही. तेव्हा काळजी घ्यावी.

रिफाम्पिसिन आणि त्याची भावंडे रिफाब्युटिन व रिफापेंटिन यांची गोष्ट मात्र निराळी. ती चालू असेतो आणि थांबविल्यानंतरही चार आठवडे गोळीवर विसंबू नये. दंडात बसविण्याची कांडी आणि तातडीची गोळी यांचाही प्रभाव घटतो. तांबी किंवा दर तीन महिन्यांनी घ्यावयाचे इंजेक्शन यांना बाध येत नाही.

आता दुसरी बाजू. सिंगापुरात काळ उलटला आहे. १९८७ साली सरकारने 'परवडत असेल तर तीन किंवा अधिक' अशी हाक दिली, तरी २०२३ साली तेथील जननदर दर स्त्रीमागे एकाहूनही खाली गेला. मूल हवे असणाऱ्या भगिनी विचारतात, "अँटिबायॉटिकांनी वंध्यत्व येते काय?" नेहमीच्या औषधांच्या चार-आठ दिवसांनी स्त्रीला वंध्यत्व येत नाही. ते येऊ शकते उपचार न केलेल्या रोगाने. जननेंद्रियांचा क्षय किंवा काही गुप्तरोग गर्भनलिका कायमच्या बंद करतात. म्हणून औषध टाळणे हाच खरा धोका.

आणि क्षयाचे उपचार चालू असताना दिवस गेलेच, तर घाबरून औषध सोडू नये. रिफाम्पिसिनसह मुख्य औषधे गरोदरपणातही देतात. न आवरलेला क्षय आई व बाळ दोघांनाही अधिक घातक. स्ट्रेप्टोमायसिन मात्र बाळाच्या श्रवणशक्तीस आणि टेट्रासायक्लिन त्याच्या दातांस अपाय करू शकते; म्हणून गरोदर असल्याचे डॉक्टरांना प्रथम सांगावे.

खरी अडचण औषधांत नाही, आपल्या संकोचात आहे. आपल्या घरांत दोन गोष्टी लपविल्या जातात. क्षय लपवितात, कारण मुलीचे लग्न अडेल. गोळी लपवितात, कारण सासूबाई काय म्हणतील! परदेशात तर भाषेची आडकाठी आणि ओळखीचे डॉक्टर नाहीत. छातीच्या डॉक्टरांना गोळी ठाऊक नसते, स्त्रियांच्या डॉक्टरांना क्षय ठाऊक नसतो, आणि दोन्ही जाणणारी एकटी स्त्री गप्प बसते. दुखण्याच्या बाबतीत झाकली मूठ सव्वा लाखाची नसते, भगिनींनो.

आमच्या विद्यार्थिनीला आम्ही उत्तर धाडले आहे: "शेजारणीचे उत्तर शंभरात एका प्रश्नाला बरोबर होते, तुझ्या प्रश्नाला नव्हते. औषध अर्धवट टाकलेस हे आधी डॉक्टरांना सांग. आणि यापुढे घेतेस त्या साऱ्या औषधांची नावे एका कागदावर लिहून पर्समध्ये ठेव. प्रत्येक डॉक्टरपुढे तो कागद प्रथम ठेवीत जा."

वाचक भगिनींनीही हा गृहपाठ आजच करावा, ही विनंती.