गारपिटीचा इशारा मराठीतही हवा

16 मार्च 2023 रोजी तेलंगणातल्या विकाराबाद जिल्ह्यात मर्पल्लीच्या परिसरात इतक्या गारा पडल्या की रस्ते आणि रानं पांढरी झाली. त्याच आठवड्यात कर्नाटकातल्या बीदर जिल्ह्यातल्या शिवारांचीही तशीच दृश्यं मोबाइलवर फिरत होती आणि पाहणारे त्यांना काश्मीरची उपमा देत होते. त्या पांढऱ्या थराखाली काय होतं, हे शेतकऱ्याला विचारावं लागत नाही. काढणीला आलेला हरभरा, कणसात दाणा भरलेला शाळू, करडई, आणि आंब्याला नुकत्या धरलेल्या बाळकैऱ्या. बर्फ कधीच न पडणाऱ्या या मुलखात हिवाळा सरता सरता येणारी गारपीट हेच खरं हिवाळी वादळ आहे, आणि ते नेमकं वर्षाचा घास हातात येण्याच्या वेळी येतं.

फेब्रुवारी-मार्चमध्ये उत्तर भारतातल्या पश्चिमी विक्षोभांचा परिणाम दख्खनपर्यंत पोचतो आणि आकाशात उंचावर थंड हवा पसरते. खालून बंगालच्या उपसागरावरचं आणि अरबी समुद्रावरचं बाष्प येतं. दुपारच्या उन्हानं तापलेली हवा झपाट्यानं वर चढते आणि ढगाचा माथा दहा-बारा किलोमीटर उंच जातो. त्या ढगात शून्याच्या खाली जाऊनही न गोठलेले थेंब असतात. गारेच्या गाभ्यावर ते चिकटत जातात, थरावर थर चढतात आणि वर जाणाऱ्या वाऱ्याला वजन पेलेनासं झालं की गार कोसळते. हा मारा बहुतेक वेळा काही मिनिटांचाच. पट्टाही अरुंद. एका गावचं रान भुईसपाट होतं आणि शेजारच्या गावात साधा पाऊसही होत नाही.

याला अपवादात्मक घटना म्हणून सोडून देण्याचे दिवस कधीच गेले. 2014 साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रातल्या 28 जिल्ह्यांना गारपिटीनं झोडपलं. उत्तर कर्नाटकही त्यातून सुटला नाही. लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता नुकतीच लागलेली, त्यामुळे मदतीची घोषणाही परवानगीत अडकली. त्या तडाख्यानंतर बारामतीजवळच्या माळेगावच्या राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेनं गारपिटीची कारणं, नुकसान आणि नंतरची काळजी यांवर सविस्तर पुस्तिका काढली. 11 फेब्रुवारी 2018 ला मराठवाडा आणि विदर्भ पुन्हा झोडपले गेले. मग 2023. म्हणजे ज्ञान आहे, अनुभव आहे आणि पुन्हापुन्हा येणारं संकटही आहे. नाही ती तयारी.

जगात याची किंमत मोजलेली उदाहरणं आहेत. अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये फेब्रुवारी 2011 च्या थंडीत वीजकेंद्रं बंद पडली. कडाक्याच्या थंडीत टिकतील अशी यंत्रणा करा, असं तेव्हा चौकशीतून सांगितलं गेलं. ते पुरेसं मनावर घेतलं गेलं नाही. फेब्रुवारी 2021 च्या हिमवादळात तिथे लाखो घरं दिवसचे दिवस अंधारात राहिली आणि सरकारी मोजणीनुसार 246 माणसं दगावली. ह्यूस्टन, डॅलस, ऑस्टिन इथे मोठ्या संख्येनं राहणाऱ्या मराठी घरांनीही ते दिवस काढले. जिथे वादळ क्वचित येतं तिथली व्यवस्था ते येणारच नाही असं धरून उभी केलेली असते. बीदर-कलबुर्गीच्या बाबतीत नेमकं हेच झालं आहे, आणि इथे त्यात राज्यांच्या हद्दींची भर पडली आहे.

हवामान खात्याच्या नकाशावर लातूर, नांदेड 'मराठवाड्या'त येतात, बीदर आणि कलबुर्गी 'उत्तर अंतर्गत कर्नाटका'त, विकाराबाद आणि संगारेड्डी 'तेलंगणा'त. अंदाज अनुक्रमे मुंबई, बंगळूर आणि हैदराबादहून निघतात. बीदर जिल्ह्यातल्या औराद किंवा भालकी तालुक्यातल्या मराठी घरात टीव्हीवर मराठी वाहिनी चालू असते. तिथे मराठवाड्याचा इशारा ऐकू येतो, पण तो आपल्यासाठी आहे का, हे कळत नाही. ज्या वेधशाळेची जबाबदारी आहे तिचा इशारा कन्नड आणि इंग्रजीतून येतो. घरातल्या शाळकरी पोरांना कन्नड वाचता येतं. खळ्यावर ताडपत्री ओढायची की नाही हे ठरवणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला बहुधा येत नाही.

कर्नाटकाची यंत्रणा दुबळी आहे, असं मुळीच नाही. बंगळूरच्या राज्य नैसर्गिक आपत्ती निरीक्षण केंद्रानं ग्रामपंचायतींच्या पातळीपर्यंत स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले आहेत आणि शेतकऱ्यांसाठी 'वरुण मित्र' ही फोनसेवा चालवली आहे. इतकं जाळं फार थोड्या राज्यांकडे आहे. बीदर हैदराबादपासून दीडशे किलोमीटरच्या आत असल्यानं तिथल्या डॉप्लर रडारला इकडचे ढग दिसतात. गार पडण्याआधी अर्धा-पाऊण तास इशारा देता येईल इतकी साधनं हाताशी आहेत. अर्ध्या तासात उभं पीक वाचत नाही, हे खरं. पण कापून ठेवलेल्या हरभऱ्याची सुडी झाकता येते, जनावरं गोठ्यात घेता येतात, माणसं झाडाखालून हलवता येतात. उलट दिशेनंही पावलं पडली आहेत, हे मात्र खटकतं. कृषी विज्ञान केंद्रांमधून तालुक्यापुरता हवामानसल्ला देणारे 199 जिल्हा कृषी-हवामान विभाग देशभरात 2024 च्या सुरुवातीला बंद करण्यात आले. ज्या संकटाचा पट्टा दोन-चार गावांचा असतो, त्याच्यासाठी जवळचा सल्लाच कामाचा.

मराठीत इशारा मागणं म्हणजे सीमाप्रश्न उकरून काढणं, असा सूर लगेच लागतो. तो चुकीचा आहे. ज्या तालुक्यात किंवा जिल्ह्यात भाषिक अल्पसंख्याकांचं प्रमाण 15 टक्के किंवा जास्त आहे, तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध कराव्यात, हे 1961 च्या मुख्यमंत्री परिषदेपासून देशाचं मान्य धोरण आहे. औराद आणि भालकी त्यात सहज बसतात. जीव वाचवणाऱ्या सूचनेहून महत्त्वाची सूचना कोणती? हाच न्याय महाराष्ट्रालाही लागू आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या अक्कलकोट तालुक्यात कन्नड बोलणारी गावंच्या गावं आहेत, त्यांना कन्नडमधून इशारा मिळायला हवा.

गारा पडून गेल्यावर दुसरी लढाई सुरू होते, ती कागदांची. पंतप्रधान पीकविमा योजनेत गारपीट ही 'स्थानिक आपत्ती' आहे. शेतकऱ्यानं 72 तासांच्या आत कळवलं, तर त्याच्या एकट्याच्या शेताची पाहणी होऊन भरपाई ठरते. अरुंद पट्ट्यात येणाऱ्या संकटाला हीच पद्धत रास्त आहे. कर्नाटकात ती चालू आहे. महाराष्ट्रानं मात्र 2025 च्या खरिपापासून स्थानिक आपत्तीचं हे कलम वगळलं आणि भरपाई फक्त महसूल मंडळातल्या पीक कापणी प्रयोगांवर ठेवली. मंडळातली पाच गावं झोडपली आणि उरलेली वाचली, तर सरासरी उत्पादन ठीक दिसतं आणि झोडपलेल्याच्या हाती काही लागत नाही. लातूर जिल्ह्यातल्या देवणी किंवा उदगीर तालुक्यातला शेतकरी आणि त्याचा औरादमधला व्याही एकाच ढगाखाली नागवले जातात. औरादच्या व्याह्याला विम्याचा दावा करता येतो, देवणीच्या शेतकऱ्याला नाही. हा निर्णय महाराष्ट्रानं मागे घ्यायला हवा.

औरादच्या शेतकऱ्याचंही काम सोपं नाही. वीज गेलेली, मोबाइल बंद, पहाणीचा म्हणजे जमिनीच्या नोंदीचा उतारा कन्नडमध्ये, आणि 72 तासांतले पहिले 24 चिखलातून वाट काढण्यातच जातात. आपत्ती निधीतून मिळणारी मदत वेगळी. त्यासाठी किमान 33 टक्के नुकसान दाखवावं लागतं. 2022 ते 2026 या काळासाठीचे दर कोरडवाहूला हेक्टरी 8,500, बागायतीला 17,000 आणि फळबागांसारख्या बहुवार्षिक पिकांना 22,500 रुपये, तेही दोन हेक्टरांपर्यंत. कोरडवाहू एकराचे होतात 3,400 रुपये. एवढ्यात पुढच्या पेरणीचं बियाणं आणि खत जेमतेम येईल.

ज्यांच्या नावावर जमीनच नाही, त्यांच्याकडे कोण पाहणार? ऊसतोडीचा हंगाम मार्चपर्यंत रेंगाळतो आणि मजुरांची कुटुंबं उसाच्या फडाजवळ पाचटाच्या नाहीतर प्लास्टिकच्या कोपीत राहतात. रात्री गारा आल्या तर लेकरांना बैलगाडीखाली घ्यायचं, एवढाच आडोसा. मेंढपाळांचा कळप तर उघड्या माळावर बसवलेला असतो. मेंढी मेली तर आपत्ती निधीच्या त्याच निकषांप्रमाणे 4,000 रुपये मिळतात, तेही पंचनामा झाला तर. फिरस्त्या मेंढपाळाचा पंचनामा कोणत्या गावच्या तलाठ्यानं करायचा, यावरच दिवस जातात.

करण्याजोग्या गोष्टी आवाक्याबाहेरच्या नाहीत. बीदर, कलबुर्गी, लातूर, धाराशिव, नांदेड, सोलापूर, विकाराबाद आणि संगारेड्डीच्या जिल्हाधिकाऱ्यांनी फेब्रुवारी ते एप्रिलपुरता रडारचा एकच सामायिक इशारा घ्यावा. ग्रामपंचायतीनं तो देवळाच्या आणि मशिदीच्या भोंग्यावरून गावच्या भाषांत सांगावा. कर्नाटकाच्या कृषी खात्याच्या प्रत्येक रयत संपर्क केंद्रात ताडपत्र्या जानेवारीतच सवलतीत मिळाव्यात आणि विम्याचा अर्ज भरून द्यायला मराठी जाणणारा माणूस गारपिटीनंतरचे तीन दिवस तिथे बसावा. साखर कारखान्यांनी टोळ्यांसाठी पत्र्याच्या पक्क्या शेड बांधाव्यात. हरभऱ्याची पेरणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात होते आणि तो फेब्रुवारी-मार्चमध्ये घरी येतो. ही सगळी सोय लावायला पेरणीपासून चार महिने मिळतात.