कुलूपबंद शस्त्रक्रियागृहे

तालुक्याच्या गावी ग्रामीण रुग्णालयाची इमारत उभी राहते. दर्शनी भिंतीवर उद्‌घाटनाची संगमरवरी पाटी बसते, तीस खाटा मांडल्या जातात, शस्त्रक्रियागृहात मोठा दिवाही टांगला जातो. आणि मग त्या दालनाला कुलूप लागते. महाराष्ट्राच्या अनेक तालुक्यांना हे दृश्य परिचयाचे आहे. कारण विचारावे तर उत्तर ठरलेले : भूल देणारा डॉक्टर नाही. तो नाही म्हणून शल्यचिकित्सक असून नसल्यासारखा, आणि शल्यचिकित्सकाला काम नाही म्हणून तोही बदलीच्या खटपटीत. अडलेल्या बाळंतिणीच्या हाती मग एक चिठ्ठी पडते : पुढे न्यावे.

हे 'पुढे' किती लांब असते, ते मुंबई-पुण्याच्या नकाशावर उमजत नाही. भामरागड ते गडचिरोली हे अंतर दीडशे किलोमीटरांहून अधिक आहे आणि पर्लकोटेच्या पुराने तो मार्ग पावसाळ्यात वर्षानुवर्षे तुटत आला आहे. नंदुरबारमधील धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून गरोदर स्त्रीला आधी बांबूच्या झोळीतून रस्त्यापर्यंत आणावे लागते, वाहनाचा प्रश्न त्यानंतरचा. २०१४ पासून धावू लागलेल्या १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकांनी पुष्कळ जीव वाचविले, हे निःसंशय. पण रुग्णवाहिका रुग्णाला रिकाम्या रुग्णालयातून ओसंडून वाहणाऱ्या रुग्णालयात नेते. रिकामे रुग्णालय काही ती भरून देत नाही. ऑक्टोबर २०२३ च्या प्रारंभी नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात बालके होती. तेव्हा लांबून, अखेरच्या अवस्थेत आलेल्या रुग्णांकडे बोट दाखविले गेले. ते रुग्ण आधी कोणकोणत्या दारांवरून परत फिरले होते, याची चौकशी मात्र कोणाला करावीशी वाटली नाही.

या दुखण्याचे निदान नेहमी एकाच वाक्यात उरकले जाते : तरुण डॉक्टर खेड्यात जायला तयार नाहीत. यात तथ्य नाही असे नाही. मात्र आकडे निराळेच सांगतात. केंद्र सरकारच्या २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य आकडेवारीनुसार देशातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टरांची तूट किरकोळ होती. त्यांच्या वरच्या पायरीवरील सामूहिक आरोग्य केंद्रांत, म्हणजे आपल्याकडील ग्रामीण रुग्णालयांच्या पातळीवर, लागणाऱ्या तज्ज्ञांपैकी सुमारे ८० टक्के तज्ज्ञ नव्हते. खिंडार पडले आहे ते मधल्या पायरीला. १९४६ साली भोर समितीने खेड्यापासून जिल्ह्यापर्यंत एकमेकींत गुंफलेल्या रुग्णालयांची जी रचना सुचविली, तिचा कणाच ही मधली पायरी होती.

आणि उपाय काय, तर बंधपत्र! एमबीबीएस झालेल्याने एक वर्ष शासकीय सेवा करावी, नपेक्षा दहा लाख रुपये भरावेत. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, अशातला हा प्रकार. भूलतज्ज्ञाची जागा नवशिक्या पदवीधराने भरत नाही. पदव्युत्तरांनाही बंधपत्र आहे. पण त्यांतील अनेकांची सेवा शहरातील महाविद्यालयीन रुग्णालयांतच रुजू होते. जो थोडा वेगळा निघून तालुक्याला जातो, त्याला तेथे ना सहकारी भेटतो, ना रक्तसाठा, ना रात्रपाळीला पुरेशा परिचारिका, ना राहण्यायोग्य घर. रात्री दोन वाजता रुग्ण दगावला की जमावापुढे तो एकटा उभा असतो. त्याने तेथे टिकावे, ही अपेक्षा वीरपुरुषाकडून करावी, नोकरदाराकडून नव्हे.

शस्त्रक्रिया एका माणसाचे काम नाही, ही साधी गोष्ट पदे मंजूर करणाऱ्यांच्या ध्यानात येऊ नये, याचे नवल वाटते. स्त्रीरोगतज्ज्ञ एका तालुक्यात, भूलतज्ज्ञ दुसऱ्यात आणि रक्तसाठा तिसऱ्यात, अशी वाटणी कागदावर न्याय्य दिसते. प्रत्यक्षात तिन्ही ठिकाणी कुलूप राहते. खासगी भूलतज्ज्ञाला शस्त्रक्रियेगणिक मानधन देऊन बोलावण्याची सोय शासनाने केली आहे. पण ज्या गावाच्या पन्नास मैलांत असा मनुष्यच नाही, तेथे बोलवायचे कोणाला?

तेव्हा पदे सुटी न भरता संच भरले पाहिजेत. शल्यचिकित्सक, स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, प्रशिक्षित परिचारिका आणि रक्तसाठा हे सारे एकत्र, एका जिल्ह्यात मोजक्या ठिकाणी, पण तेथे चोवीस तास. भूलतज्ज्ञ मिळतच नसेल, तर शासकीय सेवेतील एमबीबीएस डॉक्टरांना प्रसूतीच्या आणीबाणीपुरते भूलशास्त्र शिकविणारा अठरा आठवड्यांचा अभ्यासक्रम केंद्राने पूर्वीच आखला होता. तशा प्रशिक्षितांना नेमके तेथेच नेमावे. तमिळनाडूने पदव्युत्तर जागांचा निम्मा वाटा शासकीय सेवेतील डॉक्टरांसाठी राखण्याची प्रथा चालविली आणि राज्यांना तसा अधिकार असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये मान्य केले. दुर्गम भागातील चार वर्षे ज्याला तज्ज्ञ होण्याची वाट उघडून देतात, त्याच्यापुढे दंडाची भाषा करावी लागत नाही.

याची किंमत आहे, आणि ती लपविण्यात अर्थ नाही. संच मोजक्या ठिकाणी ठेवायचे, तर उरलेल्या रुग्णालयांच्या पाट्यांवरून 'शस्त्रक्रिया' हा शब्द पुसावा लागेल. दार नेहमीच बंद असले, तरी आपल्या तालुक्यातील तो शब्द पुसला जाणे कोणत्याही आमदाराला मानवणारे नाही. प्रत्येक अधिवेशनात नव्या इमारतींची मागणी होते. असलेल्या इमारतींपैकी किती ठिकाणी गेल्या वर्षभरात रात्री एक तरी सिझेरियन झाले, हा प्रश्न विधिमंडळात तालुकावार विचारला गेला, तर उत्तर देताना आरोग्य खात्याची त्रेधा उडेल.