कार्ड जपायचे की कार्डाची ओळख?

🧵 बेसबॉल कार्डांची मांडणी आणि जपणूक यांचा इतिहास, आणि त्यातून निघणारा एक निष्कर्ष

१/ १० जानेवारी १९६३. न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयातील मुद्राचित्र विभागात संधिवाताने जर्जर झालेल्या एका गृहस्थांनी आपल्या संग्रहातील शेवटचे कार्ड वहीच्या पानावर चिकटवले. दुसऱ्याच दिवशी ते रुग्णालयात दाखल झाले आणि १३ मार्चला त्यांचे निधन झाले. त्यांचे नाव जेफरसन बर्डिक. जुनी बेसबॉल कार्डे गोळा करणारा प्रत्येक जण आजही त्यांनी आखून दिलेल्या वाटेनेच चालतो.

२/ बेसबॉल कार्ड म्हणजे काय, हे आधी पाहू. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील तंबाखू कंपन्या सिगारेटच्या पाकिटात पुठ्ठ्याचा एक तुकडा घालत. पाकीट दबू नये, हा त्याचा एक उपयोग. त्यावर नट्या, प्राणी, ध्वज, खेळाडू यांची चित्रे छापली, की गिऱ्हाईकही बांधले जाई. पुढे हीच कार्डे गोळ्या-चॉकलेटे आणि च्युइंगमबरोबर मिळू लागली. काडेपेटीवरच्या छापांसारखाच हा प्रकार. फुकट मिळणारा, म्हणून फेकलाही जाणारा.

३/ अशा वस्तूंचा संग्रह करताना पहिली अडचण येते ती ओळखीची. १९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीच्या सिगारेटींबरोबर वाटली गेलेली पांढऱ्या कडेची रंगीत कार्डेच घ्या. पुढच्या बाजूला खेळाडूचे आडनाव आणि संघ, मागे सिगारेटची जाहिरात. वर्ष नाही, क्रमांक नाही, मालिकेचे नावही नाही. आपल्यापाशी काय आहे आणि काय नाही, हे संग्राहकाला कळावे कसे?

४/ ही अडचण मनावर घेतली बर्डिक यांनी. सिरॅक्यूज शहरातील विद्युत उपकरणांच्या कारखान्यात काम करणारा, एकट्याने राहणारा हा साधा माणूस. १९३७मध्ये त्यांनी संग्राहकांसाठी एक छोटेखानी पत्रिका सुरू केली आणि १९३९मध्ये अमेरिकी कार्डांची सूची प्रसिद्ध केली. हीच सूची वाढत वाढत पुढे ‘अमेरिकन कार्ड कॅटलॉग’ म्हणून ओळखली गेली. तिची शेवटची आवृत्ती १९६०ची.

५/ सूचीची पद्धत विलक्षण सोपी होती. एकोणिसाव्या शतकातील तंबाखूची कार्डे ‘एन’, विसाव्या शतकातील ‘टी’, सुरुवातीच्या काळातील गोळ्या-च्युइंगमची ‘ई’, त्यानंतरची ‘आर’. अक्षरापुढे मालिकेचा क्रमांक. गुडविन कंपनीच्या ‘ओल्ड जज’ सिगारेटींची कार्डे ‘एन १७२’ झाली, १९३३ची गाउडी कंपनीची ‘आर ३१९’ आणि वर सांगितलेली पांढऱ्या कडेची ‘टी २०६’.

६/ या खुणा आजही जशाच्या तशा वापरात आहेत. जगातील सर्वांत प्रसिद्ध बेसबॉल कार्ड आहे पिट्सबर्ग पायरेट्सच्या होनस वॅग्नरचे. त्याची छपाई लवकरच थांबवल्यामुळे ते अतिशय दुर्मीळ झाले. लिलावात त्याचा पुकारा होतो तो ‘टी २०६ वॅग्नर’ असा. कोट्यवधींच्या या वस्तूला तिचे नाव दिले ते एका कारखान्यातील कामगाराने, आणि तेही पदरमोड करून.

७/ १९४७मध्ये बर्डिक यांनी आपला संग्रह मेट्रोपॉलिटनला देऊ केला. मुद्राचित्र विभागाचे प्रमुख ए. हायट मेयर यांनी तो स्वीकारला. रेम्ब्रांटची चित्रे सांभाळणाऱ्या विभागाने सिगारेटच्या पाकिटातील पुठ्ठे घ्यावेत, ही त्या काळी धाडसाचीच गोष्ट. मात्र संग्रह लावून देण्याचे काम बर्डिक यांनी स्वतःच करायचे होते. तीन लाखांहून अधिक छापील वस्तू. त्यांत बेसबॉलची कार्डे तीस हजारांवर, म्हणजे सुमारे दहावा हिस्सा.

८/ वर्षानुवर्षे खोक्यांमागून खोकी न्यू यॉर्कला जात राहिली. १९५९मध्ये तर बर्डिक स्वतःच त्या शहरात राहायला आले. विभागातील एका मेजाशी बसून, धड न वळणाऱ्या बोटांनी एकेक कार्ड क्रमाने लावायचे, चिकटवायचे, नोंदवायचे. शरीर आधी थकते की काम आधी संपते, अशी ही शर्यत होती. काम संपले, आणि जवळजवळ त्याच क्षणी शरीरही.

९/ आता यातील विरोधाभास पाहा. कार्ड गोंदाने चिकटवणे हे आजच्या संग्राहकाच्या दृष्टीने महापाप आहे. मागे गोंदाचा डाग असला किंवा कागदाचा पापुद्रा निघाला असला, की कार्डाची प्रत एकदम घसरते. शिवाय ‘टी २०६’ मालिकेत एकाच चित्राच्या मागे निरनिराळ्या सिगारेटींच्या जाहिराती आढळतात. अशा कार्डाची मागची बाजू झाकणे म्हणजे अर्धा पुरावा झाकणे.

१०/ जपणुकीचे आजचे नियम अनुभवातून आणि रसायनशास्त्रातून आले आहेत. पीव्हीसीच्या मऊ प्लास्टिकमधील द्रव्ये कालांतराने पाझरून कार्डाला चिकटतात. म्हणून पॉलिप्रॉपिलीन, पॉलिएथिलीन किंवा पॉलिस्टरचीच पाकिटे वापरावीत. रबरबँडने कडा दबतात. उन्हाने रंग उडतो. दमटपणाने पुठ्ठा फुगतो, त्याला बुरशी धरते, कसर लागते. हे सारे नियम योग्य आहेत आणि बर्डिक यांच्या गोंदाचे समर्थन कोणीही करू नये.

११/ तरीही एक गोष्ट नाकारता येत नाही. बर्डिक यांच्या संग्रहातील कार्ड कोणत्या मालिकेतले, कोणत्या काळातले आणि कोणत्या मालाबरोबर आलेले, हे सांगता येते. त्यांनी पुठ्ठ्याला थोडी इजा होऊ दिली, पण त्याची ओळख पुसू दिली नाही. जपणुकीच्या या दोन बाजू आहेत आणि त्यांपैकी दुसरीचा आज विसर पडत चालला आहे.

१२/ कारण संग्रहाच्या जगात १९९१पासून एक नवे युग अवतरले. त्या वर्षी पीएसए ही कार्डांची परीक्षा करणारी कंपनी सुरू झाली. कोपरे, कडा, पृष्ठभाग, चित्राची मध्यस्थिती हे सारे तपासून एक ते दहा अशी प्रत द्यायची आणि कार्ड टणक प्लास्टिकच्या पेटीत कायमचे बंद करायचे. या कंपनीने प्रमाणित केलेले पहिलेच कार्ड होते एक ‘टी २०६ वॅग्नर’. त्याला आठची प्रत मिळाली.

१३/ आइस हॉकीपटू वेन ग्रेट्स्की आणि त्यांचे भागीदार ब्रूस मॅक्नॉल यांनी ते १९९१मध्ये ४,५१,००० डॉलरना घेतले होते. २००७मध्ये त्याची किंमत २८ लाख डॉलरवर गेली. पुढे २०१३मध्ये, हे कार्ड पूर्वी ज्यांच्या हातून विकले गेले होते त्या बिल मॅस्ट्रो या लिलावदारांनी न्यायालयात कबुली दिली, की त्याच्या कडा आपण कापल्या होत्या. शंभर वर्षांच्या कार्डाच्या कोऱ्या, रेखीव कडा ही पात्याची करामत होती.

१४/ प्लास्टिकची पेटी हवा अडवते, धूळ अडवते. आत ठेवलेल्या वस्तूचा पूर्वेतिहास मात्र ती सांगू शकत नाही. ते काम नोंदीचे आहे: कार्ड कोठून आले, कोणाकडून, कोणत्या अवस्थेत, त्या वेळचे छायाचित्र आहे काय? हा धागा तुटला, की सर्वोत्तम पेटीसुद्धा खोट्याची तितक्याच निष्ठेने राखण करते.

१५/ “किंमत असते, म्हणून तर माणसे जपतात,” असे यावर कोणी म्हणेल. पण किंमत येते कोठून? १९५२च्या टॉप्स मालिकेची न खपलेली कार्डे १९६०मध्ये बोटीतून नेऊन अटलांटिक महासागरात बुडवली, असे त्या कंपनीचे साय बर्जर स्वतः सांगत. त्याच मालिकेतील मिकी मँटलचे एक कार्ड ऑगस्ट २०२२मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरना विकले गेले.

१६/ उलट उदाहरण १९८०च्या दशकाच्या अखेरचे. जुन्या कार्डांच्या किमती ऐकून लोकांनी नवी कार्डे खोक्यांनी विकत घेतली आणि न उघडता जपून ठेवली. कंपन्यांनीही वारेमाप छापली. सगळ्यांनीच जपल्यामुळे कोणाचेच कार्ड दुर्मीळ झाले नाही. मुलांच्या शिक्षणाची बेगमी म्हणून माळ्यावर ठेवलेल्या त्या खोक्यांतील बहुतेक कार्डांना आज फारसे कोणी विचारत नाही.

१७/ या दोन उदाहरणांचा अर्थ स्पष्ट आहे. कार्डाची किंमत बव्हंशी इतरांच्या हेळसांडीवर ठरते आणि ती कोणाही संग्राहकाच्या हाती नसते. प्रतवारीमुळे बनावट कार्डांना बराच आळा बसला, अनोळखी माणसांत व्यवहार शक्य झाला, हे मान्यच करायला हवे. परंतु प्रतीचा आकडा हेच संग्रहाचे प्रयोजन ठरले, की संग्राहक आणि गोदामाचा रखवालदार यांत अंतर उरत नाही.

१८/ म्हणून कामाचा क्रम बदलायला हवा. आज बहुतेक जण आधी पाकिटे आणतात आणि मांडणीचा विचार मागाहून करतात. खरे तर आधी मालिका, वर्ष आणि क्रमांक यांनुसार कार्डे लावावीत, दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत. कार्ड कोठून मिळाले, केव्हा, केवढ्याला, त्यावर आधीच कोणता डाग वा घडी आहे, हे वहीत लिहावे. त्यानंतर पातळ पाकीट, टॉपलोडर, कोरडी अंधारी जागा. अशी वही नसलेला संग्रह मालकाच्या पश्चात नुसती रद्दी किंवा नुसता पैसा होतो.

१९/ वारसांचा विचारही याच कामात येतो. मालकाला प्रत्येक कार्ड तोंडपाठ असते, म्हणून त्याला वहीची गरज भासत नाही. गरज भासते ती त्याच्या मागे राहिलेल्यांना. कारखान्यात काम करणाऱ्या बर्डिक यांना हे नेमके उमगले होते. आपली स्मृती कागदावर उतरवण्यासाठी त्यांनी आयुष्याची अखेरची वर्षे खर्ची घातली.

२०/ त्यांच्या संग्रहातही एक वॅग्नर आहे. तो कधी लिलावात यायचा नाही. मेट्रोपॉलिटनच्या दप्तरात त्याची नोंद आहे, त्याच्या मालिकेतील इतर कार्डांच्या सोबतीने तो तेथे आहे, आणि तो ‘टी २०६’ आहे हे ज्यांनी ठरवले त्याच हातांनी तो तेथे पोहोचवला. पेटीत बंद असलेल्या त्या कापलेल्या वॅग्नरच्या कडा अधिक रेखीव असतील. मात्र दोघांपैकी नीट जपलेला कोणता, याचे उत्तर आकड्यांत शोधू नये.

(समाप्त)