मोहाखाली आग नको, जाळी हवी

गावाकडची हवा स्वच्छच असते, असं गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगाव बांधला येणारे पर्यटक मानतात आणि आम्ही गावकरीही मानतो. भोवती राष्ट्रीय उद्यानाचं जंगल, जवळच कोलू पाटील कोहळींनी बांधलेला तलाव, हिवाळ्यात दूरदेशीहून उतरणारे पक्षी. मारुती चितमपल्लींच्या लेखनामुळे हा परिसर साऱ्या महाराष्ट्राला माहीत झाला. इथे प्रदूषणाचं नाव कोण काढणार? मी काढते आहे. मी इथली आशा स्वयंसेविका आहे, आणि उन्हाळा लागला की माझ्या वहीत खोकल्याच्या, दम्याच्या नोंदी वाढतात.

बाळाला न्युमोनिया झालाय का हे ओळखण्यासाठी आम्हाला श्वास मोजायला शिकवतात. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे श्वास मिनिटाला ५० किंवा त्याहून जास्त, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा त्याहून जास्त भरले, तर थेट प्राथमिक आरोग्य केंद्र गाठायचं. म्हणजे बाळाचा श्वास मी मोजू शकते. ते ज्या हवेत श्वास घेतं, ती हवा मात्र गावात कुणी मोजत नाही. केंद्र सरकारचा राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ साली सुरू झाला, तो शहरांसाठी. त्यात विदर्भातली नागपूर, चंद्रपूर, अमरावती, अकोला ही शहरं आहेत. गोंदिया नाही, आणि खेड्यांचा तर विचारच नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये सूक्ष्म धूलिकणांची वार्षिक मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅमवर आणली. आपल्या देशाची मर्यादा ४० आहे. आमच्या गावात हा आकडा किती, हे सांगणारं यंत्रच नाही.

जिल्ह्यात तिरोड्याला ३,३०० मेगावॅटचं कोळशावरचं वीज केंद्र आहे, गोंदियात राईस मिल आहेत. त्यांच्या धुराड्यांवर सरकारची कडक नजर हवीच. पण आमच्या नाकातोंडात जाणारा बराचसा धूर आमच्याच हातानं लावलेल्या आगीचा आहे. मोहाखाली, धानाच्या बांधीत आणि चुलीत. तो कमी करणं आपल्या हातात आहे, म्हणून त्याबद्दलच बोलते.

मोहफूल पहाटे गळतं. मार्च-एप्रिलमध्ये झाडाखाली वाळलेल्या पाल्याचा थर असतो आणि त्यात फुलं शोधणं जिकिरीचं होतं. म्हणून पाला पेटवून जागा साफ करतात. उन्हात वारा सुटला की ती आग झाडाखाली राहत नाही, टेकडी चढते. तेंदूच्या झुडपांना कोवळी, मोठी पानं फुटावीत म्हणूनही आग लावली जाते. मग वनखात्याची माणसं पानं उडवणारे ब्लोअर आणि झाडाच्या फांद्या घेऊन धावत सुटतात. आमच्याच व्याघ्र प्रकल्पातल्या नागझिऱ्यात एप्रिल २०२१ मध्ये आग विझवताना वनमजूर होरपळून मेले. ती आमच्यासारखीच रोजंदारीची माणसं होती.

भारतीय वन अधिनियम १९२७ सालापासून आहे आणि राखीव जंगलात आग लावणं हा त्यात गुन्हा आहे. तरीही दरवर्षी आग लागते. कारण मोहफूल म्हणजे आमच्या बायांच्या हातात येणारा रोख पैसा. पहाटे अंधारात टोपली घेऊन निघालेल्या बाईला कायद्याचा धाक दाखवून पाला साफ होत नाही. तिला झाडाखाली बांधायची जाळी द्या. फुलं जाळीत पडतात, माती लागत नाही, राख लागत नाही, वेचायला कंबर मोडत नाही. स्वच्छ फुलाला व्यापारी भावही बरा देतो. मोहाची रोपं जळत नाहीत, म्हणजे नातवंडांसाठीही झाडं उरतात. एवढं सगळं एका जाळीत होत असेल, तर ती प्रत्येक मोहवाल्या घरी का पोचत नाही?

तेंदूसाठी लागणारी आगही थांबवता येते. विदर्भातल्याच चंद्रपूर जिल्ह्यात पाचगावच्या ग्रामसभेला वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाला. त्या गावानं तेंदूपत्ता तोडायचाच नाही असं ठरवलं, कारण त्यापायी जंगल जळतं आणि झाडं तोडली जातात. हाती बांबू होता, म्हणून त्यांना ते परवडलं. प्रत्येक गावाला परवडणार नाही. पण आग लावण्याऐवजी झुडपांची छाटणी करून पानं घ्यायची, एवढी अट ठेकेदाराला घालणं कुठल्याही ग्रामसभेला जमेल.

बांधीतला धूर नवा आहे. हातानं धान कापायचो तेव्हा तणीस गोळा होऊन गुरांच्या वैरणीला जायची. हार्वेस्टर आला आणि ती बांधीभर विखरून पडू लागली. इटियाडोह धरणाच्या पाण्यावर उन्हाळी धान घेणाऱ्याला तर कापणीनंतर लगेच खरिपाचे पऱ्हे टाकायची घाई असते. मग काडीपेटी जवळची वाटते. धानाच्या तणशीत पालाश भरपूर असतो. ती कुजवली तर तो मातीत परत जातो. तणीस गोळा करून गठ्ठे बांधणारं बेलर यंत्र चार-पाच गावांत मिळून एक जरी भाड्यानं मिळालं, तरी शेतकरी आग लावणार नाही. वैरण विकत घेणारे गोपालक याच तालुक्यात आहेत.

राहिली चूल. उज्ज्वला योजना २०१६ साली आली आणि गॅस घरोघरी पोचला, ही मोठी गोष्ट झाली. पण सिलिंडर पुन्हा भरून घेणं परवडत नाही म्हणून तो कोपऱ्यात झाकून ठेवलेला मी अनेक घरांत पाहते. चुलीजवळ आई असते आणि आईजवळ बाळ. ज्या घरात गरोदर बाई किंवा दोन वर्षांखालचं मूल आहे, त्या घराला सिलिंडर जवळजवळ फुकट द्यावा. आमच्याकडे अशा घरांची यादी तयारच असते.

जंगलातला आगीचा हंगाम १५ फेब्रुवारीला सुरू होतो. त्याआधी २६ जानेवारीला प्रत्येक गावात ग्रामसभा भरते. त्या सभेत बायांनी उठून तीन ठराव मागावेत. मोहाच्या झाडांची यादी करून घरटी जाळी देणं, आग लावणाऱ्या तेंदू ठेकेदाराला गावात काम न देणं, आणि तालुक्यात हवा मोजणारं एक तरी यंत्र बसवण्याची मागणी करणं. जाळीचा खर्च वनखात्यानं उचलावा. आग विझवण्यापेक्षा तो खात्रीनं कमी असेल, आणि त्यात कुणाचा जीव जाणार नाही.