तात्या विंचूही उसनाच!



राक्षसपटांच्या रिमेकवर तुटून पडणारे पत्र वाचले. उसनी कल्पना म्हणजे प्रतिभेचा दुष्काळ, हे त्यातले म्हणणे मला पटत नाही. महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’ चित्रपटातला (१९९३) खुनी बाहुला तात्या विंचू ‘चाइल्ड्स प्ले’वरूनच (१९८८) घेतलेला. पण रामदास पाध्ये यांचा बाहुला, बाबा चमत्कारचा मंत्र आणि भेदरलेला नायक लक्ष्या यांनी त्याला अस्सल मराठी केले. २०१३चा दुसरा भाग थ्रीडीत आला. खर्च दिसला, भीती वाटली नाही. आदित्य सरपोतदार यांनी ‘झोंबिवली’त (२०२२) परदेशी झोंबी थेट डोंबिवलीत उतरवले. (आमच्या द्रोणागिरीतल्या रिकाम्या इमारतींत ते जास्त शोभले असते!) ‘किंग काँग’ १९७६ आणि २००५मध्ये पुन्हा काढला म्हणून बिघडले नाही. पैसा ओतून गोष्ट विसरणाऱ्यांना जाब विचारा.

– एक वाचक, द्रोणागिरी, नवी मुंबई