बिस्किटाच्या डब्यातली तिकिटे



या महिन्यात आम्ही आमचीच एक चूक सांगणार आहोत. चूक टपाल तिकिटांच्या छंदातली आहे, पण घरोघरी आणि मंडळामंडळांत ती होत असते, म्हणून सांगावीशी वाटली.

आमच्या कोकणातल्या तालुक्याच्या गावी तिकिटे जमवणाऱ्यांचे एक लहानसे मंडळ आहे. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत आम्ही जमतो. पूर्वी पंचवीसेक माणसे यायची. आता आठ-नऊ उरलो आहोत, आणि बहुतेकांनी साठी ओलांडली आहे. गेली कित्येक वर्षे आमचे रडगाणे एकच: नवी मुले येत नाहीत. कुणी मोबाइलला बोल लावतो, कुणी शाळेला, कुणी आईबापांना.

दोन वर्षांपूर्वी आमच्यातले एक चाचा अल्लाहला प्यारे झाले. चाळीस वर्षांत जमवलेले त्यांचे अल्बम घर रिकामे करताना रद्दीवाल्याकडे वजनावर गेले. आम्हाला कळले तेव्हा उशीर झाला होता. त्यांच्या मुलांना आम्ही मनातल्या मनात फार बोल लावले. मात्र आता आठवते, चाचांनी त्या मुलांना अल्बमला कधी हातच लावू दिला नव्हता. "लांबून बघा," एवढेच ते म्हणायचे. ज्या वस्तूला कधी हात लागला नाही, तिची माया कुठून यावी?

तरीही आम्ही काही शिकलो नव्हतो. गेल्या वर्षी एका रविवारी आठवीतली एक मुलगी बिस्किटाचा पत्र्याचा डबा घेऊन आली. डब्यात अजमान, शारजा, फुजैरा अशी नावे असलेली रंगीबेरंगी तिकिटे होती: मासे, फुलपाखरे, अंतराळवीर. आमच्यातल्या एका जाणत्याने डबा पाहिला आणि बाजूला सारला. "ही सगळी वाळूची तिकिटे. कवडीची किंमत नाही."

त्यांनी सांगितले ते खोटे नव्हते. १९६० आणि ७० च्या दशकांत आखातातल्या छोट्या अमिरातींच्या नावाने एजंटांनी ढिगाने तिकिटे छापली. ती पत्रांवर लागण्यापेक्षा जगभरच्या मुलांना विकण्यासाठीच होती. संग्राहक त्यांना वाळूच्या टेकड्या म्हणूनच हिणवतात. पण त्या मुलीने किंमत विचारलीच नव्हती. मग डब्याच्या तळातून तिने एक तिकीट काढले. त्यावर इंग्लंडच्या राणीचा चेहरा होता. तिकीट पाकिटावरून कात्रीने कापलेले होते, अर्धा शिक्का पाकिटावरच राहिला होता. "कापलंस? नासवलंस की!" दुसरे एक जण म्हणाले. तिने मुकाट्याने डब्याचे झाकण लावले. वीस मिनिटांत ती निघून गेली.

ती गेल्यावर आम्ही पुन्हा आमच्या आवडत्या विषयाकडे वळलो: १९४८ साली निघालेले गांधीजींचे दहा रुपयांचे तिकीट. त्याच्या फक्त १०० प्रतींवर गव्हर्नर जनरलच्या कार्यालयासाठी 'सर्व्हिस' असे छापले होते. आमच्यापैकी कुणीही ते कधी पाहिलेले नाही, घ्यायची तर बातच सोडा. अर्धा तास त्यावर बोलून झाल्यावर कुणीतरी उसासा टाकला, "नवी मुले येत नाहीत हो."

घरी हा किस्सा निघाला तेव्हा आमच्यातल्या एकाच्या बेगम म्हणाल्या, "मुलगी आली होती ना? तिला चहा तरी विचारलात का?" आमच्याकडे उत्तर नव्हते.

मग आम्ही दोघे तिच्या गावी गेलो. घरी दादी होत्या. जुने घर पाडून नवे बांधायचे चालले होते आणि माळ्यावरची पेटी पावसाळ्याआधी भंगारात जायची होती. मुलगी आधी बाहेरच येईना. आली तेव्हा आम्ही म्हणालो, "बेटा, त्या दिवशी आमचं चुकलं. ते राणीचं तिकीट पुन्हा बघायला आलोय."

तिने तिकीट आणले आणि त्या दिवशी तोंडातच राहिलेला प्रश्न विचारला. "चाचा, राणी इंग्लंडची, वर छापलंय कुवेत, आणि किंमत आण्यांत. आणे तर आपले होते ना?"

वाचकहो, चाळीस वर्षे तिकिटे जमवूनही आमच्यापैकी अनेकांना हा प्रश्न पडला नव्हता. त्याचे उत्तर आपल्या कोकणाशी जोडलेले आहे. आखातातली टपाल कचेरी एकोणिसाव्या शतकापासून हिंदुस्थानच्या टपाल खात्याकडे होती. मस्कतमध्ये ती १८६४ साली उघडली, दुबईत १९०९ साली. १९२३ पासून हिंदुस्थानच्याच तिकिटांवर 'कुवेत' असे छापून ती तिथे वापरली जात, १९३३ पासून 'बहरीन' असे छापूनही. १९४८ साली कारभार इंग्रजांच्या टपाल खात्याकडे गेला. तेव्हा तिकिटे इंग्लंडची आली, पण बाजारात चलन आपला रुपयाच राहिला. म्हणून राणीच्या चेहऱ्यावर आण्यांची किंमत छापावी लागली. १९५९ साली रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या रुपयाच्या नोटा काढल्या आणि १९६१ साली कुवेतने आपला दिनार आणला. आपली माणसे तेलाच्या कंपन्यांत नोकरीला गेली, तेव्हा परक्या मुलुखात त्यांच्या हाती पगार पडत होता तो रुपयांत.

मुलगी म्हणाली, "म्हणजे दादा तिथे होते तेव्हाचं आहे हे." आणि तिने पेटी उघडली.

पेटीत कापडात बांधलेली पाकिटे होती. दोन-तीनच कापलेली होती, बाकी जशीच्या तशी. आम्ही तिला पुढची आणि मागची बाजू दाखवली: इकडे कुवेतचा शिक्का, तिकडे आपल्या टपाल कचेरीत पोचल्याचा शिक्का. दोन तारखांमधले अंतर मोजले की पत्राला किती दिवस लागले ते समजते. म्हणूनच शिक्क्यासकट अख्खे पाकीट जपायचे असते. "कापू नकोस" याचे कारण हे होते. त्या दिवशी आम्ही कारण सोडून फक्त ओरडलो होतो.

ती एकेका पाकिटाचे दिवस मोजू लागली. दादी इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "मला वाचता येत नव्हतं. पत्र आलं की मास्तरांच्या घरी जायचं, ते मोठ्याने वाचायचे. म्हणून तुझ्या दादांनी मनातलं कधी लिहिलंच नाही. भाताचं काय, म्हैस व्याली का, इतकंच." थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "एक वाच बघू. मास्तरांचा आवाज नको, तुझा ऐकते."

पेटी भंगारात गेली नाही.

पुढच्या बैठकीत आम्ही काही गोष्टी ठरवल्या. तुमच्या गावात पुस्तकांचे, नाण्यांचे, गुलाबांचे किंवा जुन्या गाण्यांचे मंडळ असेल, तर त्यांनाही त्या कामी येतील.

नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी भावाची गोष्ट काढायची नाही. 'कितीला जाईल' हा प्रश्न आला की मुलाला आपल्याकडचे सगळे फुकट वाटू लागते.

रिकाम्या हाताने कुणाला परत पाठवायचे नाही. आमच्या प्रत्येकाकडे दुहेरी-तिहेरी तिकिटांचे ढीग पडून होते. आता प्रत्येक नवख्याला पंचवीस तिकिटांचे पाकीट आणि एक बोथट टोकाचा चिमटा मिळतो. ज्यांच्या पाकिटाला काही महत्त्व नाही अशी तिकिटे आम्ही तिथेच कोमट पाण्यात भिजवतो. कागद सुटायला पंधरा-वीस मिनिटे पुरतात. लाल-जांभळ्या पाकिटांचा रंग उतरतो, म्हणून ती वेगळ्या वाटीत. मग तिकिटे पालथी घालून टिपकागदावर सुकवायची. ज्या जाणत्याने डबा बाजूला सारला होता, तेच आता हे काम शिकवतात आणि त्यांच्याभोवती सर्वांत जास्त गर्दी असते.

पहिला प्रश्न 'तुझ्याकडे काय आहे' असा नसतो. 'तुझ्या घरचं कोण कुठे गेलं होतं' असा असतो. तिथूनच मुलाला आपले दार सापडते. मराठवाड्यातून बदली होऊन आलेल्या एका मास्तरांच्या मुलाला आम्ही निजामाच्या हैदराबाद संस्थानाची तिकिटे दाखवली. १८७१ पासूनच्या त्या तिकिटांवर फारसी, इंग्रजी, तेलुगू आणि मराठी असा चार लिप्यांतला मजकूर असे. १९३१ च्या मालिकेत चारमिनारबरोबर अजिंठ्याची लेणी आणि दौलताबादचा मनोराही आहे. "हा मनोरा मी चढलेलो नाही, पण खालून बघितलाय," तो म्हणाला, आणि त्याचा अल्बम सुरू झाला. उर्दू वाचणाऱ्या मुलांना आम्ही १९४८ ची गांधीजींची साधी तिकिटे दाखवतो. त्यांवर 'बापू' हा शब्द हिंदीत आहे आणि उर्दूतही. शोधून काढायला सांगितले की मुले भिंगासाठी भांडतात.

आणखी एक गोष्ट आम्हाला बेगमांनीच सांगितली. रविवारी सकाळी अकराची वेळ म्हणजे बायका-मुलींची चुलीपाशी असण्याची वेळ. आता आम्ही असरनंतर बसतो. त्या एका बदलाने तीन आपा येऊ लागल्या, आणि त्यांच्यामागून त्यांची मुलेही.

टपाल खात्याची एक मदतही सांगून ठेवतो. सहावी ते नववीच्या विद्यार्थ्यांसाठी २०१७ साली 'दीनदयाळ स्पर्श' ही शिष्यवृत्ती सुरू झाली. देशभरातून ९२० मुलांना वर्षाला ६,००० रुपये. त्यासाठी शाळेच्या तिकीट क्लबचे सदस्यत्व किंवा टपाल खात्यात स्वतःचे फिलाटेली ठेव खाते लागते, शिवाय परीक्षेत चांगले गुण. हे खाते २०० रुपयांत उघडते. पण शिष्यवृत्तीच्या आशेने आलेले मूल शिष्यवृत्तीबरोबरच जाते, असा आमचा अनुभव आहे. आधी गोडी लागली पाहिजे.

सगळे काही साधले असे आम्ही म्हणणार नाही. ती मुलगी दोन मैत्रिणींना घेऊन आली होती, त्यातली एक पुन्हा फिरकली नाही. एक मुलगा फक्त समोशासाठी येतो असा आमचा संशय आहे. येईना का! आज खोलीत सहा-सात मुले असतात, आणि आमचे अल्बम त्यांच्या हातांनी उघडतात. एखादा कोपरा दुमडतो. दुमडू दे. रद्दीच्या तराजूत जाण्यापेक्षा ते बरे.

तुमच्या घरातही एखादी पेटी असेलच. कुवेतची, सौदीची, आफ्रिकेची पत्रे त्यात असतील. पाऊस सुरू होण्याआधी ती एकदा उघडा, कोरड्या जागी ठेवा. चिकटपट्टी लावू नका, कात्री लावू नका. आणि हे काम एकट्याने करू नका. घरातल्या सर्वांत लहान वाचणाऱ्याला शेजारी बसवा, पाकीट त्याच्या हातात द्या आणि त्याला काय विचारायचे आहे ते विचारू द्या. उत्तर येत नसेल तर तसे सांगा, दोघे मिळून शोधा.